अकरा फोल्डर

"यल्ला, आटप रुचिर! डिस्क भरली म्हणून सोहारच्या काट्याचा बिल्ड अडवून ठेवतोस काय?" ताबिश दारातूनच ओरडला.

"जुने बिल्ड बघतोय, ताबिशभाई."

"त्यात बघायचं काय? मूळ कोड जागेवर आहे ना? मग उडव नि खलास कर."

बोलणं खरं होतं. आखातातल्या गाला या औद्योगिक वसाहतीतली ही लहानशी कंपनी ट्रकांच्या वजनकाट्यांचे प्रोग्राम लिही. लिहिलेल्या कोडवरून चालती फाइल बांधताना, म्हणजे बिल्ड करताना, दर वेळी नवा फोल्डर पडे. दळण आटोपल्यावर जात्याभोवती पीठ उरावं तसे ते उरत, साचत. लागलेच तर पुन्हा बांधता येत.

तारखा वाचत रुचिर खाली खाली गेला आणि थबकला. २०२१, जून. एकाच दिवसाचे अकरा फोल्डर. बांधणाऱ्याचं नाव प्रत्येकावर एकच, अंबरीश.

त्या दिवशी त्याचे वरिष्ठ अंबरीशदादा तापानं घरी पडले होते. चूक रुचिरची होती. त्याच्या कोडमध्ये रिकाम्या ट्रकचं वजन दोनदा वजा होत होतं, आणि सोहारच्या काट्यावर ट्रकांची रांग लागली होती. "दादा, दहाच मिनिटं," म्हणून त्यानं फोन केला. दादांनी घरूनच ऑफिसातलं हे मशीन जोडून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांना इस्पितळात हलवलं. नवव्या दिवशी सगळं संपलं.

"आजारपणात त्यांना कामाचं काही सांगितलं नव्हतं हो," असं तो दादांच्या पत्नीला, सुगंधावहिनींना म्हणाला होता. वहिनी शाळेत शिकवत, गावी न परतता मुलीला, शिवांगीला, घेऊन इथेच मत्रहला राहिल्या. दर दिवाळीला त्यांच्याकडून त्याला फराळाचा डबा येई. तो डबा तो दर वेळी ऑफिसात वाटून टाकी.

आता एक बटण दाबलं की त्या दिवसाला साक्षीदार उरणार नव्हता. रुचिरनं बोट मागे घेतलं आणि फोन उचलला.

"वहिनी, त्या दिवशी दादांना मीच कामाला बसवलं होतं. दिवसभर. मी खोटं बोललो तुमच्याशी."

पलीकडे नळ बंद झाला.

"ठाऊक आहे मला. पाठीला उशी मीच लावून दिली होती. झोपा म्हटलं, तर म्हणाले, पोरगं घाबरलंय गं तिकडे."

रुचिरनं स्क्रीनवरचे अकरा फोल्डर पुन्हा एकदा मोजले.

"शेवटी चाललं का रे ते?"

"अकराव्यांदा चाललं. सोहारला आजही त्यांचंच गणित चालतंय, वहिनी."

"हं." पलीकडे नळ पुन्हा सुरू झाला. त्यामागून शिवांगीचा आवाज आला, "हू इज इट, आई?"

"आपला रुचिरकाका गं."

फोन ठेवून तो स्क्रीनकडे वळला. सगळे एकदम निवडता आले असते. त्यानं एकेक पुसला, वरची वेळ वाचत. नऊ वाजून दहा. नऊ पंचावन्न. दुपारी दीडला एक, जेवायच्या वेळेचा. चार वीस. शेवटी अकरावा, सहा वाजून दोन मिनिटं.