उसवलेली वाकळ

मित्रांनो, मी एक जुनी वाकळ. शहरातली माणसं मला गोधडी म्हणतात, आणि अलीकडे तर कला म्हणू लागली आहेत. त्या कौतुकाची मला आज लाज वाटते. का, ते ऐका.

भागुबाई आणि तिचा नवरा गेणबा बीडकडून ऊस तोडायला दौंड तालुक्यात आले आणि इथलेच होऊन राहिले. भागुबाईने मला उसाच्या पाचटाच्या कोपीसमोर बसून शिवलं. आमच्यात एक रीत असते. वर बरी, रंगीत लुगडी लावायची. जे वापरता येत नाही आणि टाकवतही नाही, ते मधल्या थरात घालून चारी बाजू शिवून टाकायच्या. आत काय आहे, हे शिवणारी सांगत नाही आणि पांघरणाराही विचारत नाही. मी पुष्कळ वर्षं ऊब दिली. भागुबाईची मुलं, मग नात गौतमी, सगळी माझ्याखाली वाढली. पुढे घरात गुबगुबीत ब्लँकेटं आली आणि माझी रवानगी पेटीत झाली.

तिथून मला प्रांजलने बाहेर काढलं. ती दौंडच्या एका कॉलेजात शिकवते. आशियातली वस्त्रं आणि स्थलांतर हा तिच्या संशोधनाचा विषय, म्हणून जुन्या वाकळी शोधत ती आमच्या घरी आली. पोर गुणी आणि मायाळू. तिने विचारलं, "आजी, आमच्या कॉलेजातल्या परिषदेत दाखवायला द्याल का? जपान, इंडोनेशियाची माणसं येणारेत."

भागुबाई हरखली. "न्या की. फाटकी हाय, पन धुतलेली हाय."

परिषदेत मला मंचावर पांढऱ्या चादरीवर मांडलं. भागुबाई पहिल्या रांगेत, मांडीवर सत्काराचा नारळ. माझ्या टाक्यांविषयी पाहुणे इतकं बोलले की मी फुगून गेले. प्रांजल मूळची इनामगावची, जिथे हजारो वर्षांपूर्वीची वस्ती उत्खननात सापडली. मातीचे थर उकरून जुन्या माणसांचं जगणं कसं कळलं, हे ऐकतच ती मोठी झालेली. तिला वाटलं, वाकळही तशीच वाचावी. बोलता बोलता तिने कात्री घेतली आणि माझी कड उसवली.

आधी गेणबाचं धोतर निघालं. मग साखरेचं पोतं. आणि त्याखालून वीतभर झबलं, गळ्याशी नाडी तशीच बांधलेली.

सगळ्यांनी मोबाइल वर केले. प्रांजलने आनंदाने विचारलं, "आजी, हे कुणाचं?"

भागुबाईने पदर तोंडाला लावला. शेजारून गौतमी हळूच म्हणाली, "आज्जे, सांग की. कुणाचंय?"

"माझ्या पयल्या लेकराचं. उसाच्या फडावरच गेलं. नाव ठिवायचं ऱ्हायलं व्हतं."

प्रांजल घाईघाईने झबलं परत आत सारू लागली, पण उसवलेली कड काही मिटेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईने विश्वासाने माझ्या पोटात ठेवलेलं भर सभेत सांडलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रांजल सुईदोरा घेऊन घरी आली. तिची मान वर होत नव्हती. "चुकलं माझं, आजी. मी शिवून देते."

भागुबाईने तिला चहा दिला, पण मला तिच्या हाती दिलं नाही. "शिवाया येतं मला, बाई. पर आता झाकू काय? समद्यांच्या मोबाइलात हाय ते."

मित्रांनो, तुम्ही खूप शिका, संशोधन करा, लांबलांबची माणसं बोलवा. फक्त कुणाचं बंद केलेलं उघडण्याआधी त्याला विचारा. प्रांजलने विचारलं असतं, तर भागुबाई नको म्हणाली असती, आणि परिषद तरीही छान झाली असती.