दुसऱ्या गाडीची जागा

असं समजा, मुलांनो, की तुम्ही सकाळी दार उघडलंत आणि समोर अंगणच नाही. आहे तो नुसता बर्फ, तुमच्या आईच्या डोक्याहूनही उंच. त्यात कुठेतरी तुमची गाडी आहे, पण नेमकी कुठे ते काठी खुपसून शोधावं लागतंय. आणि आईला तर आठच्या ठोक्याला कामावर पोचायचंय! आलं डोळ्यांसमोर? मग चितोसेच्या घरी गाडीला छप्पर का हवं होतं, ते वेगळं सांगायला नको.

जपानमधल्या निगाताच्या डोंगरातलं त्यांचं गाव. त्यांची गाडीची जुनी शेड मागच्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने खाली बसली. आता नोव्हेंबर लागला होता आणि महिन्याभरात पुन्हा बर्फ येणार होता. चितोसेच्या आईने, सानाएने, दुकानातून छपरांचं चित्रांचं पुस्तक आणलं. ॲल्युमिनियमचे खांब, पत्रे, नटबोल्ट सगळं खोक्यांतून यायचं आणि दोन माणसं दीड दिवसात उभं करून जायची. उंची ठरलेली, रुंदी ठरलेली. एका गाडीपुरतं.

"बाबांची व्हॅन यात मावणार नाही," चितोसे म्हणाली. ती नऊ वर्षांची होती.

आईने पुस्तकाचं पान उलटलं. दोन वर्षांपूर्वी बाबा त्या उंच टपाच्या व्हॅनमधून दूर दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर बोगद्याच्या कामाला गेले होते. पहिल्या वर्षी ते उन्हाळ्यात ओबोनच्या सणाला आले, नव्या वर्षालाही आले. या वर्षी एकदाही नाही. फोनवर म्हणायचे, "वसंतात बघू." वसंत येऊन गेला होता.

"लाकडाचं बांधून घेऊ या ना," चितोसेने हट्ट धरला. "तोकुझो आजोबा हवं तेवढं उंच बांधतात."

शेवटी आईने तोकुझो सुताराला बोलावलं. म्हातारा आपली लांब सरळ काठी घेऊन आला. त्याचा कागदावर भरवसा नसे. दर बांधकामाला तो नवी काठी घेई, सगळ्या उंच्या तिच्यावर शाईने मांडी आणि तेवढ्यावरून अख्खं घर उभं करी. आधी त्याने पुस्तक चाळलं.

"यात सगळी छपरं ऊन खात उभी आहेत! बर्फ कुठाय? यांना एकदा फेब्रुवारीत आमच्याकडे पाठवा म्हणावं."

आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग त्याने आईच्या छोट्या गाडीशी काठी उभी धरून खूण केली आणि विचारलं, "आता दुसरी सांगा. व्हॅन किती उंच?"

चितोसेने हात वर केला, टाचा उंचावल्या, उडीसुद्धा मारली. "याच्याही वर!"

"उडीवर छप्पर कसं बांधू, पोरी? बापाला विचार."

आईने फोन लावला आणि स्पीकरचं बटण दाबलं.

"व्हॅन?" बाबांच्या मागे यंत्रं घरघरत होती. "अगं, ती विकली मी. उन्हाळ्यातच. इथं कंपनीची गाडी असते ना, मग... सांगायचं राहूनच गेलं."

"बरं," आई म्हणाली.

"बाबा, तुम्ही कधी येणार?"

"बघू चितोसे. वसंतात बघू."

फोन बंद झाल्यावर तोकुझोने काठी आडवी करून मांडीवर घेतली. "सानाए, खरं सांगू? एका छोट्या गाडीला माझं लाकूड कशाला? तयार छप्पर घे. पण दोन मीटर बर्फ झेलणारंच माग. त्यापेक्षा हलकं देतील तर परत पाठव."

"तुमचा वेळ गेला, काका."

"वेळ काय, घरी बसून तरी चहाच पीत होतो. इथंही प्यालो."

त्या शनिवारी दुकानाचा माणूस जागा आखायला आला. अंगणाच्या मधोमध त्याने चार खुंट्या ठोकल्या, त्यांना दोरी बांधली आणि म्हणाला, "असं मधोमध घेतलं, तर बर्फ दोन्हीकडे पडायला जागा राहील. कुंपणाला लागून घेतलं, तर पुढेमागे त्याच्या बाजूला दुसरं छप्पर जोडता येतं. बघा, तुम्हीच ठरवा."

"कुंपणापाशीच घ्या!" चितोसे म्हणाली.

"नको," आई म्हणाली. "तिकडे पलीकडे शेजारच्या कुवाबारा आजींचे मुळे जमिनीत आहेत. त्या ते हिवाळाभर तिथंच ठेवतात आणि लागेल तसे बर्फाखालून काढतात. आपल्या छपराचा बर्फ दुसऱ्याच्या जमिनीत टाकायचा नसतो. मधोमधच राहू दे."

"पण मग बाजूला जागाच उरत नाही!"

"कशाला हवी आहे जागा?"

आई वळली आणि त्या माणसासाठी चहा आणायला आत गेली.

चितोसे दोरीजवळ उभी राहिली. दोरीच्या अलीकडे अर्धी गाडी मावेल एवढी जागा होती आणि पलीकडेही अर्धीच. दोन अर्ध्या गाड्या घेऊन बाबा कसे येणार? तिने रबरी बूट चढवले आणि कुंपणाला वळसा घालून शेजारी गेली.

कुवाबारा आजी ओट्यावर उन्हात कोबीची पानं सोलत बसल्या होत्या. चितोसेने कमरेत वाकून नमस्कार केला.

"आजी, आमच्या छपराचा बर्फ या हिवाळ्यात तुमच्याकडे पडला तर चालेल?"

"अगो बाई! असं विचारायला कुणी आलं नव्हतं आजवर. सगळे गुपचूप पाडतात." आजींनी सुरी खाली ठेवली. "आणि कुंपणाजवळच्या माझ्या त्या ओळीचं काय? एवढ्या ढिगाखालून मुळे उपसायला माझी कंबर उरलीय का?"

"ती ओळ उपटून इकडे ओट्यापाशी आणून पुरली तर?"

"कोण आणणार? चाळीस मुळे आहेत."

चितोसेने जाकीट काढून कुंपणाला अडकवलं. बाह्या कोपरापर्यंत सारल्या, ओळीच्या टोकाला दोन्ही गुडघे टेकले, पहिल्या मुळ्याची पानं दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि जोर लावला.