शनिवारी दोनच्या आत

सकाळपासून मी तिसरा पोरगा सात वेळा बदलला. आधी फ्रान्सचा घेतला, काढला, मग ब्राझीलचा घेतला, मग पुन्हा फ्रान्सचा. चहा उतू जाऊन गॅस विझला तरी माझी मान मोबाइलमधून वर आली नाही. शेवटी वासाने उठले, गॅस बंद केला आणि स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

ही आमची फुटबॉलची फँटसी टीम. खरे खेळाडू तिकडे विलायतेत धावतात, आपण इथे मोबाइलवर आपली पंधरा जणांची टीम निवडायची. आपल्या माणसाने तिकडे गोल केला की आपल्याला इकडे गुण. कशेळीच्या ज्या गोडाउनमध्ये मी डिस्पॅचला स्कॅनिंग करते, तिथे आमची बारा जणांची लीग आहे. काढली भाविकने. भाविक म्हणजे आमचा शिफ्ट इनचार्ज. गोडाउनची जमीन त्याच्या आजोबांची, म्हणून तो इनचार्ज, असं आम्ही त्याला तोंडावर म्हणतो आणि तो हसतो. जो जिंकेल त्याला वर्षभर कूलरसमोरची खुर्ची. दोन वर्षं ती खुर्ची माझी आहे. बारा जणांत मी एकटी बाई, त्यामुळे बाकीच्यांचा किती जळफळाट होतो ते काय सांगू.

भाविकने यंदा नवा नियम काढला. टीममध्ये तीन पोरं अशी हवीत, जी एकवीसच्या आतली आहेत आणि याच उन्हाळ्यात क्लब बदलून नव्या ठिकाणी गेली आहेत. नियम मला हरवायला काढला, पण त्याला कळलं नाही की पोरं निवडण्यात माझा हात कुणी धरणार नाही. बाकीचे बघतात, किती कोटींना विकला गेला. मी बघते, पोरगा तिथे रुळला का. जेवतो कुणाबरोबर, भाषा येते का, घरचं कुणी सोबत गेलंय का. सगळ्या मुलाखती वाचते, हिंदीत करून मिळतात. भाविक म्हणतो, "मनिषाताई प्लेअर बघत न्हाय, जावई बघते."

दोन पोरं बुधवारीच ठरली होती. नॉर्वेचा लंबू, त्याचं खरं नाव आमच्या घरात कुणाला उच्चारता येत नाही, आणि एक डच डिफेंडर. अडलं होतं ते तिसऱ्यापाशी. शनिवार होता, दुपारी साडेतीनला टीम बंद होणार होती. एवढ्या तीन वर्षांत मी कधी इतकी तडफडले नव्हते.

आता खरं सांगते. तडफड टीमची नव्हतीच.

मंगळवारी दुपारी, ड्युटीवर असताना, राघो सरांचा फोन आला होता. राघो सर आमच्या कोन गावच्या शाळेच्या मैदानावर पोरींना फुटबॉल शिकवतात, फुकट शिकवतात. माझी दिपिका चार वर्षं त्यांच्याकडे जाते. सोळाची आहे, डाव्या पायाची आहे, आणि पळायला लागली की पोरांनाही सापडत नाही. सर म्हणाले, पुण्याकडच्या एका अकॅडमीने तिला घेतलंय. दोन वर्षं तिथेच राहणं, शाळा, जेवण, सगळं त्यांचं. "शनिवारी दोनच्या आत मला नाव पाठवायचंय, ताई. घरात बोला आन् सांगा. मी तिला काय सांगत न्हाय, आधी तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "सांगते सर." आणि कुणालाच सांगितलं नाही.

नवरा भरत टेम्पो घेऊन नाशिकला होता, त्याला फोनवर नाही सांगितलं. का, तर तो लगेच हो म्हणाला असता. दिपिकाला नाही सांगितलं. का, तर तीही हो म्हणाली असती. बुधवारी सरांनी फॉर्म व्हॉट्सॲपवर पाठवला. तो मी उघडला, वाचला आणि पुढे काहीच केलं नाही. पुसायचा धीर झाला नाही आणि भरायचाही झाला नाही. चार दिवस कामात मन नव्हतं. गुरुवारी तर एकच खोका तीन वेळा स्कॅन केला, भाविकने विचारलं बरं नाही का.

मला माहीत होतं ना सगळं! तीन वर्षं हेच वाचतेय. नवीन गावी गेलेल्या दहा पोरांतली सात बाकावर बसतात. दुखापत होते, मग दुसरीकडे पाठवतात, तिथून तिसरीकडे. फोटोत हसतात आणि खोलीत रडतात. माझी पोर आतापर्यंत एक रात्रसुद्धा माझ्याशिवाय झोपलेली नाही. आणि मी? भरत महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. संध्याकाळी कुलूप उघडून मी कुणासाठी भात टाकायचा?

साडेबाराला दिपिका मैदानावरून आली. पाय धुतले, भाकरी घेतली आणि नेहमीसारखी माझ्या खांद्याला टेकून बसली. पोरं निवडायची ती आम्ही दोघींनी, हे ठरलेलं. फोन आमच्यात एकच.

"तिसरा कोन?" तिने विचारलं.

"फ्रान्सचा का ब्राझीलचा, तेच जमत न्हाय." ब्राझीलचा अठरा वर्षांचा होता. आमच्याकडच्या शेलार गावाएवढ्या खेड्यातून उठून एकदम इंग्लंडमध्ये गेलेला. पाय सोन्याचे, पण मुलाखतीत म्हणाला होता की इथलं जेवण घशाखाली उतरत नाही.

मला वाटलं, ही म्हणणार ब्राझीलचाच घे. ती कायम नव्याच्या बाजूची. मागच्या वर्षी अशाच एका पोरासाठी माझ्याशी दोन दिवस भांडली होती.

"नको घेऊ त्याला," ती म्हणाली.

"का गं?"

"त्याचं मन न्हाय लागणार तिथं. त्याची आये एकटी हाय घरी. वाचलं ना तूच."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पोरीला स्वतःलाच नको आहे बाहेर जाणं, मी उगाच जीव टांगणीला लावून घेतला होता, असं वाटलं. फ्रान्सचा टीममध्ये टाकला. सेव्ह करणार, तेवढ्यात जीभ वळवळलीच. आनंद पक्का करून घ्यायचा होता, दुसरं काय.

"आन् तुला बोलावलं असतं तं, असं कुठं लांब?"

ती भाकरीचा तुकडा कालवणात फिरवत राहिली. "मला कोन बोलावतंय," म्हणाली.

एवढंच. न रागावता, न हसता. पण माझ्या पोरीने स्वतःला असं कधी मोजलं नव्हतं. ही तीच पोर, जी सातवीत असताना म्हणायची, आये, मला टीव्हीवर बघशील तेव्हा चॅनल बदलू नको. तिला बोलावलं होतं. तिचं नाव एका यादीत होतं आणि ती इथे माझ्या शेजारी बसून म्हणत होती, मला कोण बोलावतंय. आणि ते तिला असं वाटावं ही माझीच करणी. मला स्वतःचीच किळस आली. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मीठ संपलंय, आनते," असं काहीतरी बडबडून मी फोन घेऊन घरामागे गेले आणि राघो सरांना लावला. त्यांनी उचलला तेव्हा मागे मोटारसायकल चालू होती.

"सर, मी मनिषा. दिपिकाचं नाव पाठवा. उशीर झाला, माझी चूक झाली, पन नाव पाठवा."

मोटारसायकल बंद झाली.

"ताई, मी आता शेलारला निघालोय. रीमाच्या घरी. तिचं नाव टाकतोय तुमच्या पोरीच्या जागेवर, तेच सांगायला चाललोय."

"आसं कसं? दोन वाजले कुठं? मी न्हाय कुठं म्हनले?"

"तुम्ही न्हाय. दिपिका म्हनली. गुरुवारी, मैदानावर. म्हनली, सर, माझं नाव काढा, आन् आयेला फोन करू नका. तिला न्हाय म्हनायला जड जातंय, म्हनून ती गप हाय. मी विचारलं, आयेशी बोललीस का? म्हनली, बोलले."

सर काय काय बोलत होते, मला फक्त गुरुवारी हा एकच शब्द ऐकू येत होता. म्हणजे मघाशी ती खांद्याला टेकली, ब्राझीलच्या पोराला नको म्हणाली, तेव्हा तिला सगळं माहीत होतं.

"सर, रीमाच्या घरी सांगितलं का?"

"अजून न्हाय. पन ताई, आता मला तुमच्या तोंडून चालनार न्हाय. तिच्या तोंडून ऐकायचंय. तिला द्या फोन."

मी तशीच आत गेले. दिपिका ताट उचलत होती. माझ्या हातातला चालू फोन तिने बघितला आणि ताट परत खाली ठेवलं.

"कधी कळलं तुला?" मी विचारलं.

"बुधवारी. लंबूची किंमत बघाया फोन घेतला, वरच फॉर्म होता. तू उघडलेला." तिने ताटातला भाकरीचा तुकडा बोटाने बाजूला सारला. "मी वाट बघितली. बुधवारी रात्री वाटलं, सांगशील. गुरुवारी सकाळी डबा देताना वाटलं, आता सांगशील. तू म्हनलीस, पान्याची बाटली घे."

मला खरंच तेच आठवत होतं. बाटली.

"तुला नको हाय तं मी न्हाय जानार. मी काय भांडनार न्हाय त्याच्यासाठी."

"आगं भांड की!" मी ओरडलेच. शेजारच्या भिंतीआडचा रेडिओ बंद झाला. "कुठल्या परक्या पोरासाठी दोन दिवस भांडतेस माझ्याशी, आन् स्वतःसाठी एक शब्द न्हाय? मला भीती वाटते, म्हनून गप बसले. तू तिथं बसून राहशील याची वाटते, आन् मी इथं बसून राहीन याची त्याहून जास्त वाटते. आयेला भीती वाटली म्हनून पोरीने नाव काढायचं नसतं. जायचंय का तुला? माझ्याकडं बघू नको. जायचंय का?"

फोनमधून सरांचा "हॅलो, ताई, हॅलो" चालू होता. घड्याळात दीड वाजत आला होता.

दिपिकाने हात टी-शर्टला पुसला. फोन घेतला, कानाला लावला, घसा साफ केला.

"सर, मी दिपिका. माझं नाव राहू द्या."

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझ्याशी बोलतानाचा नाही, मैत्रिणींशी बोलतानाचाही नाही. ती बोलत बोलत उंबरा ओलांडून बाहेर गेली. कधी निघायचं, विचारत होती. बूट कसले लागतात, सकाळी किती वाजता उठवतात, खोलीत किती जणी असतात. एकामागून एक विचारत होती, म्हणजे बुधवारपासून सगळे प्रश्न तयार करून ठेवलेले होते. बोलता बोलता अंगण संपलं तरी ती थांबली नाही, तशीच रस्त्याच्या कडेने कल्याणच्या बाजूला चालत गेली.

"दिपे, पायात चप्पल न्हाय!" मी दारातून हाक मारली.

वळून न बघता तिने हात मागे केला, थांब म्हणून. मी दारातच थांबले.