माझ्याच पडद्यावरचा ढिगारा

आमच्या शाळेच्या गेमिंग टीममधली पाचवी खुर्ची रिकामी झाली, कारण तिच्यावर बसणारा मुलगा गाव सोडून गेला. ती मला हवी होती. इतकी, की मधल्या सुट्टीत मी कॅप्टनला सगळ्यांदेखत अडवलं आणि म्हटलं, माझ्याशी खेळ, हरलास तर खुर्ची माझी. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा लाल व्हायचे, हे लक्षात घ्या. कॅप्टनला सगळे चष्मा म्हणतात. चष्म्याने विचारलं, कुठे खेळायचं? मी ऐटीत म्हटलं, आमच्या बाबांच्या दुकानात.

इथेच माती खाल्ली.

बाबा कॉम्प्युटर जोडून विकतात. त्यांनी हौसेने एक ग्राफिक्स कार्ड आणलं होतं. गेममधली वस्तू कशी पडेल, कशी फुटेल, धूर माणसाभोवती कसा वळेल, हे सगळं ते कार्डच ठरवतं. येईल त्या गिऱ्हाइकाला बाबा ते दाखवायचे. गिऱ्हाईक विचारायचं, याने गेम जिंकता येतो का? बाबा म्हणायचे, अहो, जिंकणं राहू द्या, आधी बघा तरी. लोक पोटभर बघायचे आणि साधं कार्ड घेऊन जायचे. बाबांचा जीव तुटायचा. आई विचारायची, त्या कार्डाला जेवायला वाढू का?

मॅचच्या दिवशी बाबांनी ते कार्ड माझ्या मशीनमध्ये बसवलं आणि माझा खेळ रस्त्यावरून दिसावा म्हणून काचेजवळ मोठा टीव्ही लावला. मला वाटलं, लेकीचं केवढं कौतुक. चष्मा आपला जुना लॅपटॉप घेऊन आला आणि सेटिंगमध्ये जे जे बंद करता येतं ते बंद करत सुटला. सावल्या गेल्या, धूर गेला, पडदे गेले. त्याचा गेम म्हणजे भाडेकरू सोडून गेलेलं घर. बाबांनी त्याला टोमणा मारला, की तू जेवतानासुद्धा मीठ काढून ठेवत असशील. चष्मा शांतपणे म्हणाला, काका, मी जिंकायला बसतो.

शेवटच्या डावापर्यंत आम्ही बरोबरीत होतो. मी गेममधली एक भिंत उडवली. मी सराव करायचे मैत्रिणीकडे, आणि तिच्या कॉम्प्युटरवर भिंतीचे तुकडे पडले की लगेच नाहीसे व्हायचे. इथे ते घरंगळले, एकमेकांवर चढले, कमरेएवढा ढिगारा झाला. मागे जमलेली मंडळी वा वा करायला लागली. म्हटलं, चला, आयता आडोसा. मी त्याच्यामागे बसले आणि निवांत बंदूक भरायला घेतली.

चष्म्याने मला सरळ समोरून मारलं.

मी म्हटलं, ढिगाऱ्यातून गोळी येतेच कशी, हा चीटिंग करतोय. त्याने तो क्षण परत लावला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. झाडून काढल्यासारखी स्वच्छ फरशी, आणि मधोमध मी, बेडकासारखी बसलेली. समोर काहीही नाही.

मग तो समजावायला लागला, आणि तेही चांगुलपणाने, म्हणून जास्त झोंबलं. ढिगारा फक्त माझ्या कार्डाने माझ्यापुरता रचलेला. प्रत्येकाच्या मशीनवर तुकडे वेगळे पडणार किंवा पडणारच नाहीत, मग गोळी कुणाच्या ढिगाऱ्याने अडवायची? म्हणून गेम तो मोजतच नाही. नुसती शोभा. एवढं सांगून त्याने बाबांकडे पाहिलं.

"काका, तुम्हाला तर माहीत असणार. हिला सांगितलं नाहीत?"

बाबा टीव्हीची वायर नीट करत होते.

"सांगितलं असतं तर हिने ते बंद करायला लावलं असतं," ते म्हणाले.

चष्म्याने लॅपटॉप पिशवीत घातला, पुढच्या वर्षी बघू म्हणाला आणि निघाला. मी बाबांकडे बघत राहिले. त्याला थांबवतील, मुलीला एक संधी दे म्हणतील, निदान 'चूक माझी होती' एवढं तरी म्हणतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"चिमणे, तेवढी भिंत परत पाड ना. यांना बघायचीय." मागे एक गृहस्थ मान उंच करून उभे होते.

मी माउस बाबांच्या हातात दिला. म्हटलं, "तुम्हीच पाडा."

आणि चष्म्यामागे पळाले, पुन्हा मॅच मागायला, कुठेही, कुणाच्याही भंगार मशीनवर. त्याची सायकल वळणाआड गेली होती. आत भिंत पडली असावी, कारण लोक टाळ्या वाजवत होते.