डॅरनची चासी

ऑरिनची सदुसष्ट सालची फोर्ड पिकअप वरून अजूनही लग्नाला निघाल्यासारखी दिसायची, पण खाली हात घातला की गंजाचे पापुद्रे हातात यायचे. नॉर्थ डकोटात रस्त्यावर टाकलेलं मीठ आधी बर्फ खातं, मग गाड्या खातं. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, इतकी कुजली होती की वेल्डिंगची कांडी टेकवली तर भोकच पडायचं. म्हणून फोर्डची बॉडी उचलून डॅरनच्या गाडीच्या चासीवर बसवायची, असं ठरलं.

डॅरन हा ऑरिनचा एकुलता एक मुलगा. जानेवारीत त्याची पिकअप बर्फावरून घसरून चरात उलटली आणि तो जागीच गेला. केबिन चेपून सपाट झाली, चासी मात्र शाबूत राहिली. सून जनेल हिनं गाडी भंगारात दिली नाही, सासऱ्याच्या शेडमध्ये पाठवून दिली.

आणि ती गाडी फोर्ड नव्हती बरं का. फोर्डच्या ज्या हाडवैरी कंपनीचं नाव ऑरिननं जन्मात तोंडातून काढलं नव्हतं, नेमकी तिची होती. पोरानं ती घेतली तेव्हा बापानं ती अंगणात लावू दिली नाही. आठ वर्षं डॅरन रस्त्याच्या पलीकडे गाडी लावून बापाच्या घरी चालत येत असे. असली माणसं!

"काय रे लेका," चेनपुली ओढता ओढता शेजारचा लाइल म्हणाला, "फोर्डच्या धडाला परक्याचे पाय! गावात तोंड दाखवायचं राहिलंय का आता?"

"तू साखळी ओढ."

"नाही, आपलं सांगून ठेवतो. सकाळी गावच्या हॉटेलात कॉफीला आलास तर तुला वेगळ्या टेबलावर बसवतील."

"ओढ म्हटलं ना."

लाइलचा चेहरा पडला. एरवी या विषयावर ऑरिननं त्याला तासभर सोलून काढलं असतं. पण जानेवारीपासून ऑरिनला काही लागतच नव्हतं, ना टोमणा ना थंडी. मुलाच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरातल्या जेवणात त्यानं दोन हॅम सँडविच खाल्ली, भेटेल त्याला "बरंय" म्हणाला आणि घरी येऊन भांडी घासली.

खरं सांगायचं तर त्याला फोर्ड जगवायची नव्हतीच. त्याला त्या दुसऱ्या गाडीत खोट शोधायची होती. ब्रेक म्हणा, स्टिअरिंग म्हणा, एखादा ढिला बोल्टसुद्धा चालला असता. कारण अपघाताच्या त्या शनिवारी दुपारी त्यानं डॅरनला फोन केला होता आणि तो काय बोलला, हे जगात कोणाला माहीत नव्हतं.

त्यानं चासीच्या चारी कोपऱ्यांवरून ओळंबा सोडला, फरशीवर खडूनं खुणा केल्या आणि कर्ण मोजले. दोन्ही सारखे भरले, म्हणजे चासी कुठे वाकलेली नव्हती. टेप उलट्या बाजूनं धरून मोजले, तरी सारखेच. ब्रेकचे लायनर निम्मेही झिजलेले नव्हते. पुढच्या चाकांचे बॉलजॉइंट घट्ट, प्रत्येकात ग्रीस भरलेलं आणि वर आलेलं ग्रीस पुसून घेतलेलं. ही पुसायची सवय त्यानंच पोराला लावली होती. टायरच्या खाचेत एक सेंटचं नाणं उलटं धरलं, तर त्यावरचे लिंकनसाहेब भुवयांपर्यंत आत गेले, म्हणजे टायर झिजलेले नव्हते. चासी फोर्डपेक्षा नऊ इंच लांब निघाली. ती मधून कापताना तरी काही दिसेल म्हणून त्यानं आतलं पोलाद बोटांनी चाचपलं. चीर नाही, गंज नाही. मग नऊ इंचांचा तुकडा बाजूला ठेवून त्यानं चासी परत जोडली, फोर्डची बॉडी खाली उतरवली आणि बोल्ट आवळले.

एप्रिलमधल्या एका रविवारी चर्च सुटल्यावर जनेल हॉटडिश, म्हणजे मांस-बटाट्याचं भट्टीत भाजलेलं जेवण, घेऊन आली.

"बाबा, आधी खाऊन घ्या. गार होईल."

"ठेव तिथे."

"झाली का गाडी?"

"ब्रेकमधली हवा काढायची राहिलीय."

तिनं बुटाच्या टोकानं पुढचं टायर हलकेच दाबून बघितलं.

"तुम्ही सगळं उघडून बघितलंत. कशासाठी ते कळतं मला," ती म्हणाली. ऑरिनचा पाना हातातच थांबला. "टायरमुळेच झालं ना? ऑक्टोबरमध्ये तो नवे घालू म्हणत होता. मीच म्हटलं, एवढा हिवाळा काढतील की, काय घाई आहे. डोळा लागत नाही हो मला. तुम्हाला गाडीतलं कळतं. एकदा हो म्हणून टाका, म्हणजे निदान कळलं तरी."

एक 'हो' पुरे होता. खोट आपल्या पायांनी दारात आली होती आणि जनेल ती स्वतःच्या माथ्यावर घ्यायलाही तयार होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा ऑरिनला काहीतरी वाटलं. हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याची त्याला किळस आली.

"टायर चांगले होते," तो म्हणाला.

"उगाच मला बरं वाटावं म्हणून..."

"अगं पोरी, कुणाला बरं वाटावं म्हणून मी कधी बोललोय का? टायर चांगले होते. सगळंच चांगलं होतं. मी फोन केला होता त्याला. दारातला बर्फ काढायला ये म्हटलं. तो म्हणाला, वारा सुटलाय, समोरचं दिसत नाही, सकाळी येतो. मी म्हटलं, राहू दे, तुझ्या त्या डबड्याला बर्फ झेपायचाच नाही."

जनेलनं हॉटडिशवरचं फडकं काढून त्याची घडी घातली, ती उलगडली आणि पुन्हा घातली.

"निघताना हसत होता," ती म्हणाली. "कुठे चाललास म्हटलं, तर म्हणे म्हाताऱ्याला गाडी दाखवून येतो. मला काही अर्थच लागला नाही तेव्हा."

ऑरिन फूटबोर्डवर बसला. आता रडू येईल असं त्याला वाटलं, पण आलं नाही.

"बाबा, टायर चांगले होते ना?"

"चांगले होते."

"परत सांगा."

"चांगले होते गं टायर," ऑरिन म्हणाला.