आक्का छाप

पासष्टी उलटली, डोक्यावर काळा केस औषधालाही उरला नाही, तरी सगळा बाजार त्याला धाकटाच म्हणायचा. थोरली बहीण हयात असताना तो थोरला होणार तरी कसा? आई गेल्यावर त्याला आक्कानेच वाढवलं, आणि कात्र्या करायलाही तिनेच शिकवलं. पात्यावर स्क्रूजवळ तिच्याच अक्षरातला ठसा असायचा: 'आक्का'. ओलं फडकं टोकापर्यंत सरळ कापलं गेलं, तरच तो उमटायचा.

तिची नजर गेली, बोटं वाकडी झाली, तेव्हा एका मोठ्या कंपनीचा माणूस दारी आला. म्हणाला, नाव तुमच्याच मालकीचं राहील, आम्हाला फक्त वापरू द्या. वीस वर्षं, एक्स्क्लुझिव्ह. दुकानांच्या पाट्यांवर लिहितात तसं काहीतरी खास असेल, असं धाकट्याला वाटलं. छाती फुगवून त्याने सही ठोकली. आक्काला विचारलं नाही. तिला चकित करायचं होतं ना!

सहा महिन्यांनी टेलरबाई आल्या, तीस वर्षांचं गिऱ्हाईक. थेट आक्काच्या खाटेपाशी जाऊन त्यांनी नवी कोरी कात्री तिच्या हातात दिली.

"राग मानू नका आक्का, पण ही कापड कापत नाही, चावते."

आक्काने पात्यावरून अंगठा फिरवला. ठसा लागला तसं तिचं तोंड एवढंसं झालं.

"धाकट्या, ही तू केलीस?"

त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. करार घेऊन तो तडक वकिलाकडे गेला.

वकिलाने करार दोनदा वाचला. "एक्स्क्लुझिव्ह म्हणजे फक्त त्यांनीच वापरायचं. तुम्हीसुद्धा नाही."

"अहो, पण नाव आमचंय ना?"

"मालक तुम्हीच. तरी एका कात्रीवर ठसा मारलात, तर नोटीस तुम्हालाच येईल."

"आणि माल टाकाऊ निघाला तर?"

"दर्जा कंपनी ठरवेल, असं लिहिलंय इथे. सही करायच्या आधी यायचं होतंत."

घरी येऊन त्याने आक्काला सगळं सांगितलं. तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला हलकं तरी वाटलं असतं.

"किती वर्षं?" तिने विचारलं.

"वीस."

आक्काला ऐंशीवं लागलं होतं.

"मग यापुढे कुणी विचारलं तर सांग, आक्का गेली."

"असं काय बोलतेस गं?"

"मी आहे तोवर लोक त्या कात्र्या माझ्याच धरतील. गेली म्हण."

आयुष्यात त्याने तिचा शब्द कधी मोडला नव्हता.

पुढच्या आठवड्यात टेलरबाई पुन्हा जिना चढून आल्या. "आक्का आहेत ना? त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले."

"आक्का गेली," तो म्हणाला.

बाई मटकन पायरीवर बसल्या आणि रडू लागल्या. आतल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून धाकट्याला दिसलं, आक्काला खोकल्याची उबळ आली होती. तिने उशी तोंडावर दाबून धरली, आणि बाई जिना उतरून जाईपर्यंत काढली नाही.