पेरूबागेतला दोघांचा पंप

मित्रांनो, मी एक जुना डिझेलचा पंप आहे. आज माझ्या अंगावर गंज आहे आणि धुराड्यात चिमण्यांनी संसार थाटला आहे. पण एके काळी माझी टुकटुक समुद्रापर्यंत जायची. कोळी म्हणे माझ्याच तालावर वल्ही मारायचे. आमच्या पॅलेस्टाईनमधल्या कलकिलिया गावातल्या कोंबड्या माझा आवाज ऐकल्याशिवाय अंडी द्यायला तयार नसत. यातलं निम्मं खोटं धरलंत, तरी माझं काही बिघडत नाही.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझे मालक, मक्केची यात्रा केलेले म्हणून हाज म्हणवणारे शुक्री, यांच्या वडिलांनी मला विहिरीवर आणून बसवलं. त्यांची संत्र्यांची बाग तेव्हा नुकतीच गेली होती. लढाई झाली, नकाशावर एक रेघ ओढली गेली. घर रेघेच्या अलीकडे राहिलं आणि बाग पलीकडे, इस्रायलमध्ये. म्हाताऱ्याने उरलेल्या खडकाळ उतारावर पेरू लावले आणि ते जगवायचं काम माझ्यावर सोपवलं. मी ते जगवले. त्या पेरूंचा वास असा, की वाटसरू रस्ता चुकून बागेत शिरत.

पुढे पुन्हा लढाई झाली. इस्रायलचे सैनिक आले, झेंडा बदलला. पाण्याला त्यातलं काही कळलं नाही. रेघेवरचा पहारा उठला आणि एके दिवशी पलीकडच्या गावातला मेनाशे नावाचा एक ज्यू मेकॅनिक पान्यांची पेटी घेऊन थेट बागेत आला. तो बगदादचा, त्यामुळे अरबी फर्डी.

"तुमच्या पंपाचा एक ठोका चुकतोय," तो म्हणाला. "तिकडे माझी झोप उडालीये."

"तिकडची बाग आमची होती," हाज म्हणाले. "झोप उडणारच."

"आणि बगदादमधलं घर माझं होतं. तिथे आता कोण घोरतंय, ते सांगता का?"

हाजनी कॉफीचा पेला पुढे केला. मेनाशेने माझा वॉल्व्ह घासून दिला. तेव्हापासून तो येतच राहिला.

मला चालू करायचं तर दोन माणसं लागतात. एकाने हँडल गरगरा फिरवायचं, दुसऱ्याने नेमक्या क्षणी खटका सोडायचा. त्या दोघांचा हात असा बसला होता, की मी पहिल्याच झटक्यात बोलायचो.

"जोर लाव की बगदादी! दुपारचं जेवण पाखरांना घातलंस काय?"

"तुम्ही खटका वेळेवर सोडा, हाज. माझ्या जेवणाचं मी बघतो."

मधे दगडफेकीची, संचारबंदीची वर्षं आली. मग दोन्हीकडच्या नेत्यांनी हात मिळवले. त्या वर्षी मेनाशे पेरूची नवी रोपं घेऊन आला.

"यांना फळं येईपर्यंत टिकेल का रे हा समेट?" हाजनी विचारलं.

"तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. तेवढा दम माणसांना धरवेल."

पेरू वेळेवर आले.

आता पुढचं मी वाढवून सांगणार नाही, मित्रांनो. त्यात वाढवायला जागाच नाही. आमच्या बाजूच्या एका पोराने पलीकडच्या शहरात बसमध्ये स्फोट केला. त्या बसमध्ये मेनाशेचा मुलगा योआव होता. त्याच आठवड्यात आमच्या गावात संचारबंदी असताना हाजचा मुलगा इमाद पाण्याची टाकी बघायला गच्चीवर चढला आणि सैनिकांच्या गोळीने पडला.

या बाबतीत दोन्हीकडची रीत एकच. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने घरात बसून राहायचं. भेटायला इतरांनी यायचं. दोघंही बसून राहिले. दोघांनीही दाराकडे डोळे लावले. एकमेकांकडे मात्र कोणीच गेलं नाही.

मग कुंपण आलं. उंच, तारांचं, इस्रायलने घातलेलं. ते गावाला लागून गेलं, आणि बाग, विहीर आणि मी पलीकडे पडलो. फाटकातून यायला परवाना लागायचा. कचेरीतून तो आला, पण हाजच्या वडिलांच्या नावाचा. ते तर केव्हाच कबरीत. मेलेल्याला बागेत यायची मुभा होती, जिवंताला नव्हती. पहिला उन्हाळा गेला. पानं गळाली. दुसराही गेला. मी विहिरीवर, पाण्यापासून हातभर अंतरावर, मुकाट उभा होतो. पेरू तहानेने वाळताना बघत होतो.

शेवटी इमादच्या बायकोला, नुहादला परवाना मिळाला. तो फक्त बागेपर्यंतचा होता. नुहाद बाग ओलांडून तशीच पुढे मेनाशेच्या गावात गेली. सापडली असती तर तुरुंगात पडली असती. दुपारी ती परतली तेव्हा तिच्या हातात पान्यांची पेटी होती आणि मागून मेनाशे येत होता, काठी टेकत.

"हाज मला भेटायला आले नाहीत," तो म्हणाला. "मी वाट बघितली."

"तेही तुमची वाट बघत होते, काका. आमच्याकडेही मयत झालं होतं."

"कोण?"

"माझा नवरा."

"इमाद?" मेनाशे माझ्या चौथऱ्यावर मटकन बसला. "मला कुणी सांगितलं नाही गं."

"कोण सांगणार?"

मग म्हाताऱ्याने बाह्या सारल्या, पेटीतल्या डब्यातलं डिझेल माझ्यात ओतलं. "हँडल तू फिरव, पोरी. माझ्याच्याने आता होत नाही. खटका मी बघतो."

तिने फिरवलं. मी खोकलो. पुन्हा फिरवलं. "आत्ता!" ती ओरडली, त्याने खटका सोडला, आणि मित्रांनो, मी बोललो! पाणी उसळून पाटाला लागलं. मी जीव तोडून ओढत होतो.

मेनाशे जवळच्या झाडापाशी गेला. त्याने नखाने साल खरवडली. आत हिरवं असायला हवं होतं, तपकिरी निघालं. दुसरं झाड, तिसरं झाड. त्याने नुहादकडे बघितलं. तिने मान खाली घातली. तिला सकाळीच कळलं होतं.

तेवढ्यात वर कुंपणापाशी हाज दिसले. टुकटुक ऐकून धावत आले असणार. तारांना धरून ते पोरासारखे ओरडत होते, "नुहाद! आधी खालच्या ओळीला दे! ती नवी झाडं आहेत!"

"देते, मामंजी!" नुहाद ओरडली, आणि खोरं घेऊन पाणी वळवायला गेली.

डिझेल संपेपर्यंत मी मेलेल्या झाडांना पाणी पाजलं. त्यानंतर मला कोणी चालू केलं नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे दोघांनी मिळून चालवायचं काही असेल, तर रुसून बसू नका. आधी उठा आणि त्याच्या घरी जा. बंद पडलेला पंप पुन्हा चालू होतो. मी झालो होतो. झाडाचं तसं नसतं.